पाठ

पिराजी आंबीची पाठ मला पाठ आहे.
डाव्या खांद्याखाली तुरीच्या डाळीएवढा तीळ,
बनियनची उसवलेली शिवण,
घाम आधी कुठून फुटतो, तेसुद्धा.
सहा वर्षं दोघांच्या होडीत
तो माझ्या पुढ्यात, मी त्याच्या मागं.
शर्यतीच्या हिशेबानं मात्र मी पुढं;
वल्हवणारा पाठमोराच जातो जिंकायला.
वळून बघायचं, दिशा धरायची, हे काम माझ्याकडं.

तो कुरुंदवाडचा, नदीतच जन्मल्यासारखा.
मी चिखलीचा. माझी पहिली नाव
गुऱ्हाळाची काहील, पुराच्या पाण्यात गल्लीतनं ढकललेली,
वल्ह्याच्या जागी दाराची फळी.
गोल गोल फिरायची,
पुढं जायचं नाव घेत नव्हती.

पलटणीत सुभेदारांनी विचारलं, पाण्याची भीती?
पिराजी हसला.
मी खोटं बोललो.

पहाटे पाच. फोड, फोडावर फोड.
आई फोनवर विचारायची, पोटभर देतात का रं?
बारा अंडी, मी सांगायचो.
हैदराबादला चौथे आलो,
तिसऱ्याच्या मागं, एका श्वासाच्या आत.
चौथ्याचा फलक गावात लागत नाही.

मग तो फेब्रुवारी.
निवड चाचणीला आठ दिवस,
आणि मला दिसलं, पाठ झुकतीय.
डावीकडं, बोटभर.
वल्हं पाण्यातनं निघताना
तीळ रोजच्या जागी येत नव्हता.
त्याला माहीत नव्हतं, सुभेदारांना नव्हतं.
माझ्या जागी बसणाऱ्यालाच दिसणार ते.
मी काही बोललो नाही.
म्हटलं, आठच तर दिवस.

सहाव्या दिवशी त्याला धक्क्यावरनं उचलून नेलं.

आता मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर.
तो कमरेला पट्टा बांधून पेढे विकतो.
परवा कोल्हापूरला आला, लेकीनं हट्ट धरला,
रंकाळ्यात होडी. हंसाची. पायडलची.
तिकिटाचं पोरगं जाकिटं देत म्हणालं,
काका, पोहता येतं न्हवं? लांब जाऊ नका.
आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

शेजारी शेजारी बसलो, तोंड पुढं करून.
बघायचं कुठं, कळेना.
सगळं येताना दिसत होतं.
शालिनी पॅलेस, जलपर्णी,
काठावरच्या भेळेच्या गाड्या.

मध्यावर तो म्हणाला,
तुला दिसलं होतं न्हवं?

मी हंसाच्या मानेकडं बघत राहिलो.
रंगाचे पोपडे निघाले होते.

त्या आठवड्यात तुझं वल्हं
जरा हलकं पडायचं, तो म्हणाला.
मला पाठीत कळायचं.

लेक मागनं ओरडली,
बाबा, आपण गोल का फिरतोय?

खरंच फिरत होतो.
सुकाणूची दांडी आमच्या दोघांच्या मधे होती.
ती कुणीच धरली नव्हती.