उणे दोन

लिफ्टमध्ये बटण आहे: उणे दोन.
शाळेत शून्याच्या डावीकडे
उधारी असायची, नाहीतर थंडी.
इथे एकशे बारा गाड्या आहेत.

इंदूरच्या विजयनगरातली ही इमारत.
आधी दोनशे चाळीस नळ्या जळायच्या, अष्टौप्रहर,
वरात निघून गेल्यावरही
मांडवात कुणी बंद न केलेल्या माळांसारख्या.
बिल नाचवत सेक्रेटरी लघाटे म्हणाले,
'एवढ्यात आख्खी सोसायटी रोज सराफ्यात जेवेल.'
मग मला बोलावलं.

मी लक्समीटर घेऊन उतारावर उभी राहिले, भर दुपारी.
उन्हातून आत येणाऱ्याला जास्त उजेड लागतो,
रात्रीतून येणाऱ्याला कमी.
पुस्तकात हे होतंच. पण माझ्यासमोर
एक स्कूटी खांबाला घासत गेली, तेव्हा पटलं.

नळ्या काढल्या. एलईडी लावले.
दर दुसऱ्या खांबावर एक डोळा,
पांढरा, वाटीएवढा.
कुणी आलं की पूर्ण उजेड.
नव्वद सेकंद काही हललं नाही
की वीस टक्के.
दिवसाला दोनशे तीस युनिट होते,
एकतीस झाले.
लघाट्यांनी पोहे-जिलबी मागवली.

पण खांब सदतीस ऐकेना.
रोज रात्री एक ते पाच,
नव्वद सेकंद झाले न झाले
की पुन्हा पेटलेला.
नोंदींच्या तक्त्यात बाकी सगळी रात्र सपाट,
आणि तिथे एक धडधड.
मला वाटलं वायर सैल असेल,
घूस असेल,
पंख्याच्या झडपेतून गरम हवा येत असेल.

जानेवारीत, रात्री दोन वाजता, मी स्वतः उतरले.
खुर्चीत नानसिंग बामनिया, रात्रपाळीचा गार्ड,
कानटोपी, मांडीवर पत्र्याचं झाकण, झाकणात मणी.
लाल, पिवळे, पांढरे.
सुईत एकेक मणी ओवत होता,
आणि मधूनच, मान वर न करता,
डावा हात उंच करून हलवत होता,
रस्त्यापलीकडच्या ओळखीच्या माणसाला
करतात तसा.

बोटं तर सतत हलत होती.
पण तीन मीटरवरून बोटांचं हलणं
आमच्या डोळ्याच्या व्याख्येत बसत नाही.

'हिलो तो हो, मैडम,' तो हसून म्हणाला,
'नहीं तो नहीं.'

टेबलफॅनला चिंधी बांधून पाहिली होती त्याने.
नाही पेटला.
मांजर गेलं की पेटतो.
चिंधीत जीव नाही, हे त्याला कळतं, म्हणाला,
आणि त्याच्या बोलण्यात माझ्या यंत्राबद्दल
चक्क कौतुक होतं.

मी शिडी मागवली.
सदतीसची मुदत नव्वद सेकंदांवरून
अर्ध्या तासावर नेली.
जास्तीचा खर्च: रोज युनिटचा दहावा भागही नाही.
शिडी धरून तोच उभा होता.
उतरताना माझ्या बुटाखाली एक मणी आला,
पिवळा. फुटला. दोघंही काही बोललो नाही.

बैठकीत लघाट्यांनी बोट ठेवलं,
'हा सदतीस वेगळा का?'
'तिथे एक माणूस बसतो.'
'मग? हलत नाही तो?'
'हलतो. बारीक.'
इतिवृत्तात लिहिलं गेलं:
खांब सदतीस, अपवाद, तांत्रिक.

एप्रिलमध्ये एजन्सी बदलली.
नानसिंगला पीथमपूरला कुठल्या गोदामावर टाकलं, म्हणे.
नवा गार्ड मोबाइल पाहतो.
त्याचा उजेड त्याच्या हातातच असतो,
आणि बसतो तो उतारापाशी, हवेला.

रात्री मांजर जातं,
आणि सदतीसखाली रिकामी खुर्ची
अर्धा तास लख्ख दिसत राहते.
तक्त्यात तो उंचवटा मला दर महिन्याला सापडतो.
नव्वद सेकंदांवर आणायचंय ते.
शिडी तळघरातच आहे.