अर्धा सूत

नागपूरहून पंधरा दिवसांनी येणाऱ्या
लिक्विड नायट्रोजनच्या गाडीत,
दोन जारांच्या मधल्या फटीत, पोत्यात गुंडाळून
पुरुषोत्तम ड्रायव्हरनं आणली गिटार.
"पावती नाई मॅडमजी, खोका नाई.
सीताबर्डीतल्या पोरानं अठराशेला देल्ली."
मी दवाखान्याच्या रजिस्टरात सही करता करता थांबले:
हिची नोंद कोणत्या रकान्यात?

तारा नायलॉनच्या,
टाके घालायच्या दोऱ्याच्याच भाऊबंद.
पुलाजवळची गाठ मला कुणी शिकवावी लागली नाही.
एक वेढा खालून, दोन स्वतःच्याच भोवती,
टोक मागच्या कडेखाली दाबायचं.
पण नव्या तारेला ताण ठाऊक नसतो.
सकाळी लावलेली ई दुपारच्या जेवणापर्यंत उतरते.
आठवडाभर तिला रोज पिळत राहिले,
नव्यानं जुंपलेल्या गोऱ्ह्याशी बोलावं
तसं काहीबाही बोलत.

तरी बोटं सोलवटली.
दौलतभाऊ मेहर, खाटा आणि चौकटी करणारे,
बाराव्या पट्टीशी तारेखाली
रुपयाची दोन नाणी सरकवून बघत राहिले.
"लय वर हाय जी. अर्धा सूत काढू?"
मग पुलावरची ती पांढरी पट्टी उपसून
काचेवर पॉलिश पेपर ठेवून तिचा तळ घासला,
चार घास, की उजेडात धरून बघ,
पुन्हा चार घास.
"काढता येते बाई. घालता येत नाई."
पैसे घेतले नाहीत. बकरीचं जंताचं औषध नेलं.

आता डाव्या हाताचं सांगते.
एकोणीस वर्षं तो गाईच्या आत, कोपरापर्यंत,
गर्भाशयाचं तोंड बोटांनी चाचपत.
न बघता बघायचं ही त्याची नोकरी.
त्याची नखं कायमच मुळापासून कापलेली.
उजवा बाहेर, नळी धरून,
त्याच्या नखांची चौकशी कधी कुणी केली नाही.
गिटारला हात असेच लागतात,
डावा बोडका, उजवा नखांचा,
हे कळलं त्या दिवशी
मी रिकाम्या दवाखान्यात एकटीच हसले.

मे महिन्यात आमच्याकडे दारंसुद्धा बोलतात रात्री.
पुढची फळी आत बसायला लागली
तेव्हा साबणाच्या डबीला भोकं पाडली,
ओला स्पंज घालून
दोऱ्यानं तारांमधून पोटात सोडली.
कूलरच्या खोलीत ती, झोतापासून जरा बाजूला.
ओसरीत आम्ही दोघं, ओला पंचा अंगावर.
"पुढच्या जन्मी मलेबी लाकडाचा कर,"
नवरा अंधारात म्हणाला.

भादव्यात सरूबाई टेंभुर्णेंची गाय अडली.
वासराचा एक पाय मागे दुमडलेला,
डावा हात दोन तासांत लुळा पडला.
मोटरसायलच्या दिव्यात
टाक्यांच्या कात्रीनं मी उजव्याची नखं कापली.
तीन महिन्यांची, कानशीनं गोल केलेली,
शेणात पडली, दिसलीसुद्धा नाहीत.
उजवा आत गेला आणि बावरला,
पोराला पहिल्यांदा बाजारात सोडावं तसा.
पाय मात्र त्यालाच सापडला.
कालवड. शेपटीवर पांढरा गोंडा.
चहात सरूबाईनं इतका गूळ घातला
की दात आंबले.

घरी आले तेव्हा तीन वाजले असतील.
साबणानं दोनदा धुऊनही
मनगटाला वासराचा वास होता.
येते ती एकच चाल, आठ ओळींची,
तिसऱ्या ओळीत नेहमी अडते.
नखांशिवाय, नुसत्या मांसानं वाजवली.
आवाज इतका मऊ
की भिंतीवरची पाल हलली नाही.
नखं येतील परत दिवाळीपर्यंत,
ती काही दौलतभाऊंचा अर्धा सूत नव्हेत.
तिसऱ्या ओळीत अडलेच.
बी थोडी उतरली होती.
पिळली.