अडत

शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीत, जिन्याखाली
माझं तिकिटांचं दुकान.
दुकान म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या
आणि लाल पाठीची वही,
जिच्यात माणसं कमी, त्यांच्या खोडी जास्त.

मगदूम, शिरोलीची फाउंड्री : खिडकी, डाव्या अंगाची.
कंदमूळ नाही, दिवेलागणीनंतर नुसतं पाणी.
हुपरीचे घोरपडे : वाटेकडची जागा, उजवा गुडघा वाकत नाही,
चांदीची पेटी वर ठेवणार नाहीत, पायाशीच.
वेणूगोपाळ, कोइमतूरहून व्हॉल्व तपासायला येतात :
कावळा नाक्याचं हॉटेल, खोली तीनशे चार,
उशी एकच, पातळ.
पहाटेच्या विमानासाठी उठवायला फोन दोनदा.

ते पहाटेचं विमान
एका सोमवारी दुपारचं झालं,
मग आठवड्यातून तीनदा,
मग एक दिवस फक्त निरोप आला :
कार्यचालनाच्या कारणास्तव.
मगदूमांना मी तो मोठ्यानं वाचून दाखवला.
म्हणाले, कारण कळलं, कार्य कुठाय?

खिडकीला आता साडेतीनशे.
डाव्या अंगाचे वेगळे लावले नाहीत अजून.

कावळा नाक्याचं हॉटेल कुठल्याशा साखळीत गेलं.
पाटी बदलली, काउंटरवरचा सुकुमार गेला,
तिथं आता एक काच उभी असते.
ती वेणूगोपाळांना विचारते,
आपण यापूर्वी आमच्याकडे आला आहात का?
अकरा वर्षं. महिन्याला दोन रात्री.
काचेशी बोलता येत नाही, बोट टेकवता येतं.
तीनशे चारचं नाव आता नगरदर्शन कक्ष, आठशे जास्त.
दर्शन तेच, समोरच्या टायरवाल्याचे पत्रे.
पोहे वेगळे. बारानंतरचा प्रत्येक तास वेगळा.

आणि मैल.
नऊ वर्षं मगदूम मैल साठवत होते.
ओतीव लोखंडाचे नमुने बॅगेत, हैदराबाद, चेन्नई, परत हैदराबाद,
दर वेळी तपासणीत बाजूला घ्यायचे त्यांना,
बुटांसकट, पट्ट्यासकट,
पण मैल लागले का, हे ते घरी पोचण्याआधी विचारायचे.
विजयमालावहिनींना बर्फ बघायचा होता.
पडलेला नव्हे. पडताना.

एकतीस तारखेला रात्री बारानंतर
दोन तिकिटांचं एक झालं.
तेही जायचं. यायचं नाही.
मगदूम हसले, म्हणाले,
एकटीला बर्फात सोडून येऊ व्हय?
मग खुर्चीत बराच वेळ बसून राहिले,
चहावर साय धरली.

आमचे दादा मार्केट यार्डात
गुळाच्या अडतीवर होते, पंचेचाळीस सौदे बघितले त्यांनी.
दुपारचे येऊन पंख्याखाली बसतात.
मागं एकदा विचारलेलं,
"कंपनी अडत किती देती तुला?"
शून्य, म्हटलं. बंद केली.
"मग तू कुनाचा मानूस?"
तेव्हा फोन वाजला, बरं झालं.

आज मगदूम गेल्यावर म्हणाले,
"भाव पडायचा की. आमीच पाडायचो.
पर टावेलाखाली हात असायचा.
दोन बोटं दाबली की समोरच्याला कळायचं
त्याचं किती गेलं.
हितं हात कुनाचा हाय?"

मी खरंच टेबलाखाली पाहिलं.
वायर, धूळ, घोरपड्यांनी विसरलेली छत्री.

संध्याकाळी वेणूगोपाळांचा फोन.
बेळगावहून रात्रीच्या गाडीनं येतो,
कुठंही टाका मला, म्हणाले,
फक्त त्या काचेसमोर नको.
मी सुकुमारला लावला.
तो लक्ष्मीपुरीतल्या एका लॉजवर आहे, मिरचीच्या गोदामावर.
खोली आहे का?
आहे. ठसका लागतो थोडा.
आणि उशी?
तो म्हणाला, पातळ ना? माहीत आहे की.

तीनशे चार खोडलं.
वर लिहिलं, लक्ष्मीपुरी, दुसरा मजला.
खाली, फोन दोनदा.
आता विमान नाही, उठवायचं कशाला,
पण ते तसंच राहू दिलं.