पुठ्ठ्याएवढी जागा

खोर खुवैरला डोंगर थेट समुद्रापर्यंत उतरतो
आणि तिथून जहाजात भरून निघून जातो, रोज थोडा थोडा.
त्या डोंगराकडे तोंड करून
लुओ मला म्हणाला, उभा राहा.

मी त्याच्याकडे मारामारी शिकायला गेलो होतो.
सरळ सांगितलं होतं, एक माणूस मोडायचाय.
उद्धव खरमाटे, माझ्याच खोलीतला, खालच्या बंकवरचा,
सतरा जणांची भिशी घेऊन एका रात्रीत पसार झालेला.
त्यात माझे नऊ हजार दिरहॅम, म्हणजे बहिणीच्या...
जाऊ दे, हिशेब नको.

लुओ सिमेंटच्या भट्टीतला गवंडी.
भट्टी थंड झाली की आत शिरायचं, जळक्या विटा उकरायच्या,
नव्या बसवायच्या. तीस वर्षं हेच.
आमची दोघांची भाषा एकच, इथली मोडकीतोडकी,
शुवय शुवय, खल्लास, आणि माफी.
माफी म्हणजे नाही. नसणं.
पाणी माफी, बस माफी, पगार माफी.
सहा वर्षं झाली, तरी ऐकलं की मला वाटतं
कुणीतरी कुणाला तरी सोडून दिलं.

गुडघे जरासे वाकवून, हात असे
जणू पाण्याचं पिंप कवेत धरलंय,
काखेत मूठभर जागा.
बस. एवढंच.
चौथ्या मिनिटाला मांड्या लटलटायला लागल्या.
दुसऱ्या महिन्यात मी विचारलं, ठोसा?
"माफी."
लाथ?
"माफी."
अरे, राग तर आहे ना माझ्याकडे, पोतंभर.
त्यानं माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवली,
नेमकी तिथं, जिथं खरमाटे ठाण मांडून बसला होता,
आणि म्हणाला, "गुस्सा माफी."
त्या दिवशी मी उगाच रडलो,
व्याकरणाच्या चुकीमुळे.

मार्चच्या शटडाऊनला त्यानं मला भट्टीत नेलं.
वीट, वीट, मध्ये पुठ्ठ्याची पट्टी. पुन्हा वीट.
हे कशाला? आग लागली की पुठ्ठा जळणार.
"जळणार!" तो एकदम खूश झाला.
मग हातांनी दाखवलं, वीट तापते, फुगते.
जागा नसेल तर शेजारणीला फोडते, मागोमाग स्वतः फुटते.
जागा असेल तर अशी बसते घट्ट
की चौदाशे अंशांत वर्षभर ब्र काढत नाही.
आणि त्यानं माझ्या काखेत बोट खुपसलं.

ऑक्टोबरात, रम्सच्या मासळी बाजारात,
खरमाटे दिसला.
वाळलेला. पुढचा एक दात नाही. हातात बारीक तारल्यांची पिशवी.
मला पाहताच बिचकला, आणि बिचकून त्यानंच ढकललं.
धक्का छातीवर आला,
कमरेतून उतरला, टाचेखाली कुठंतरी गेला.
मी काही केलं नाही.
अकरा महिने काहीच न करणं गिरवलं होतं.
तोच तोल जाऊन बर्फाच्या पेटीवर कलला,
मी कोपर धरलं म्हणून राहिला.

त्याचं मनगट माझ्या मुठीत होतं.
मोडता आलं असतं.
शिकवलं नव्हतं कुणी, पण आलं असतं.
पैसे? मी विचारलं.
"माफी," तो म्हणाला.

माणूस जन्मानं जेऊरचा, इथं येऊन आठ वर्षं झालेला.
कुठल्या भाषेत म्हणाला, मी विचारलं नाही.
तारल्या उचलून त्याच्या पिशवीत टाकल्या,
एक राहिली, ती मांजरानं नेली.

शुक्रवारी पहाटे लुओनं काडी मोडल्यासारखं करून दाखवलं.
मोडला?
माफी, मी म्हणालो.
त्यानं चपलेनं माझी डावी टाच
बोटभर बाहेर सरकवली.
समोर डोंगरात सुरुंग उडाला, पांढरी धूळ आली,
आम्ही उभे.

गुडघे अजून दुखतात.
नऊ हजारही.