गाळ

दस्तगीर मिस्त्रीनं जुना फिल्टर कापला,
घड्या उलगडून
पेपरावर पसरल्या माझ्यासमोर:
"बघ, काय पाजलंस गाडीला."

काळा चिखल. पाण्याचे दोन थेंब.
गंजल्या टाकीचे पापुद्रे.

सहापैकी चार इंजेक्टर बाद.
खंबाटकीच्या चढाला धूर ओकत
उभी राहिली होती, कांद्यासकट.

पाचशे रुपये वाचवले होते मी
लोकल फिल्टर टाकून.

त्यानं नवा बसवला, त्याच्याआधी आणखी एक,
पाणी धरणारा, खाली काचेची वाटी असलेला.
हातपंप मारत राहिला
बुडबुडे संपेपर्यंत.
"आतली भोकं केसाहून बारीक रे,
तिथं कुणाची दादागिरी चालत नाही."

निगडीत दिवे लागले. चहा आला.
मी कपावरची साय बोटानं काढली,
तर हसला:
"स्वतःचं बरं गाळून घेतोस!"