बंद पाठीचे

बेकाने काउंटरवर दोन ठेवले.
एक उघड्या पाठीचे, जाळीतून आरपार दिसणारे.
एक बंद पाठीचे, काळे,
दोन वाट्या पालथ्या घातल्यासारखे.
"आधी हे," म्हणाला, आणि जाळीचे माझ्या डोक्यावर बसवले,
न्हावी लहान मुलाची मान सरळ करतो तसे.

गाणं सुरू झालं, पण दुकान कुठे गेलं नाही.
बाहेर रिओनीवरचा पूल, पुलावरची मार्शुत्का,
तिचा भोंगा, सगळं येऊन गाण्याशेजारी बसलं
शेजारणी गॅलरीत बसाव्यात तसं.
चारशे वीस लारी.
मी म्हटलं, हेच.

"काय गाता, मावशी?"
तीन आवाजांचं. वरचा त्सिराचा, माझ्या धाकट्या बहिणीचा.
ती इटलीत, बारी शहरात, एका म्हातारीला सांभाळते.
मधला माझा.
खर्ज वालिकोचा होता. वालिको फेब्रुवारीत गेला.
आता खर्जही मीच.
ती तिचा आवाज पाठवते, मी त्याच्याखाली माझे दोन लावते.

"मग हे नाहीत चालणार." जाळीचे त्याने काढून घेतले.
"यांच्या पाठीतून आवाज गळतो.
बहिणीचा आवाज कानातून सांडेल, माइकमध्ये शिरेल,
मग तो निघत नाही. वाईनचा डाग जसा."
बावीस वर्षांचं पोर.
त्याला कुठे सांगत बसू
की आमच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं
एकमेकांत सांडायला म्हणूनच गात होतो.
एकशे ऐंशी लारी मोजले.
बंद पाठीचे घेतले.

फ्रीजची पिन काढली.
खालच्या नुग्झारला सांगितलं, तासभर ड्रिल नको.
कपाट उघडून कोटांकडे तोंड करून उभी राहिले,
आणि वाट्या कानांवर ओढल्या.
जग मिटलं.
विहिरीत उतरावं तशी शांतता,
आणि तळाशी त्सिरा.

फोनवर ती रोज मजेत असते.
इथे पहिल्यांदा ऐकलं:
तिच्यामागे घड्याळ.
भिंतीपलीकडे म्हातारीचा खोकला, तीनदा, तिसरा ओला.
कापडाची सळसळ,
म्हणजे ही पांघरूण डोक्यावर घेऊन गाते, कुणी जागं होऊ नये म्हणून.
आणि दुसऱ्या ओळीच्या ऐन मधोमध,
जिथे तुटायचं नाही असं आईनं मांडीवर चापट मारून शिकवलं होतं,
एक श्वास.
लहानसा. चोरलेला.
मागे नेऊन चारदा ऐकला.

भिंतीला कान असतात म्हणतात.
माझे कान भिंतीच्या आत होते.

मग डावी वाटी मागे सरकवली.
ही बेकाचीच युक्ती, स्वतःचा सूर हरवू नये म्हणून.
उजवा कान बारीत, डावा कुताइसीत,
तशी खर्ज धरून उभी राहिले.
बाईच्या गळ्याला तो कुठवर पुरणार,
तळाशी खरवडत होता, पातेल्यात डाव लागतो तसा.
दुसरी ओळ आली.
ती श्वास घेते तिथे मी घेतला नाही.
कोटांमधला कापराचा वास छातीत कोंडला,
डोळ्यांपुढे काजवे आले,
तरी ती परत येईपर्यंत धरला.

वालिको असाच धरायचा.
आम्ही हसायचो त्याला,
ह्या माणसाला थांबायचं कुठे ते कळतच नाही.

परवा बेका बाजारात भेटला.
"कसे आहेत?"
जड आहेत, म्हटलं. कान तापतात.
"आणि आवाज?"
सगळं ऐकू येतं.
"मग छानच की," म्हणाला.
मी सुलगुनीचे गोळे दाबून बघत राहिले,
कुठला ताजा आहे ते.