गुरुवार, एकतीस अंश

धायरीत गुरुवारी वीज जाते.
आदल्या रात्री मेसेज येतो,
मी वाचते, आणि तरी विसरते.

सकाळी दहाला पंप थांबला तेव्हा
मी खाली सिलिंडरवाल्याशी
सुट्ट्या तीस रुपयांवरून हुज्जत घालत होते.
वर आले तर गच्ची गप्प.
दोन वर्षांत त्या बुडबुड्यांचा आवाज
मी कधी ऐकलाच नव्हता.
बंद पडला तेव्हा ऐकू आला.

टाकीतलं पाणी एकतीस.
लेट्यूसची पानं मान टाकून बसलेली.
खासनीसबाई उशांचे अभ्रे वाळत घालता घालता म्हणाल्या,
"अगं, पाणी घाल की त्यांना."
पाणी!
बाई, ती कमरेपर्यंत पाण्यातच उभी आहेत.
तहान नाही त्यांना,
धाप लागलीये.

हे कुणाला चटकन पटत नाही.
पाणी तापत जातं तसा त्यातला प्राणवायू निसटतो,
उकळी फुटायच्या किती तरी आधी, गुपचूप,
आणि नेमका तेव्हाच मुळांना श्वास जास्त लागतो.
गरज वाढली की साठा आटायचा,
हा काय हिशोब झाला?
पण आहे तो असाच.
त्यात पुणं उंचावर,
इथली हवा आधीच जरा हात आखडून देते.

मीटर बुडवला. चार पॉइंट एक.
सहाच्या खाली गेलं की धावायचं,
हे मला दस्तगीरने शिकवलेलं.
तो पूर्वी कात्रजला शोभेच्या माशांचं दुकान चालवायचा.
फोनवर म्हणाला, "मासे निदान वर येऊन तोंड तरी उघडतात.
झाडं काय, शेवटपर्यंत सभ्य.
बादली घ्या. उंचावरून ओता.
मी येईपर्यंत थांबू नका."

मग बादली.
बुडव, उचल, खांद्याच्या वर, ओत.
धार जितकी फुटेल तितकं बरं,
म्हणून हाताखाली भाताची चाळण धरली.
बुडव, उचल.
अकरा वाजले. साडेअकरा.
परकर भिजून पायांना चिकटलेला,
चाळणीतून पाणी तुटत, ठेचकाळत,
वाटेत मिळेल तेवढी हवा ओच्यात घेऊन
खाली येत होतं.

"काय कमी होतं तुला तिथे?"
सातारा रोडवरचं घर सोडलं तेव्हा
आईपासून वकिलापर्यंत सगळ्यांनी विचारलं होतं.
काही नाही.
तीन खोल्यांत एसी, मे महिन्यात हापूसची पेटी,
माझ्या नावावर एक लॉकरसुद्धा.
खरंच काही कमी नव्हतं.
माझ्याकडे मीटर नव्हता, एवढंच.

ओत.

दस्तगीर आला तो गोणपाटात बर्फ गुंडाळून,
मासळी बाजारातला, त्याच वासाचा.
थेट टाकू दिला नाही त्याने:
पाणी पातळ होतं, खताचं गणित बिघडतं.
फोडून बाटल्यांत कोंबला, बुचं आवळली,
आणि एकेक बाटली मुळांपासून लांब सोडली,
झोपलेल्या मुलाला पलंगावर ठेवावं तशी.
एकोणतीस. अठ्ठावीस.
जेवायला आम्ही खाली गेलोच नाही.
आळीपाळीने बादली, आळीपाळीने शेंगदाण्याचा लाडू.

चार चाळीसला वीज आली.
पंप दोनदा खोकला आणि लागला.

तेवीसपैकी नऊ रोपांची मुळं तपकिरी,
बोटाला बुळबुळीत, ओल्या पोत्याच्या वासाची.
ती उपटली.
बाकीची अजून पांढरी आहेत,
म्हणजे आज तरी.
कोरेगाव पार्कच्या कॅफेला कळवलं, उद्या माल कमी.
जिन्यात सेक्रेटरींची चिठ्ठी आधीच लागली होती:
गच्चीवर पाणी सांडू नये.

जाताना दस्तगीर म्हणाला,
"बाटल्या आत्ताच फ्रीजरला लावा.
गुरुवार काय, दर आठवड्याला येतो."

लावल्या. मटारची पिशवी बाहेर काढावी लागली.
हात तीनदा धुतले, वास जात नाही.
रात्री खिडकी उघडी ठेवून पडले आहे.
वरून आवाज येतोय.